बावन्न वजा सत्तावीस

‘बावन्नातून सत्तावीस वजा करा.’ तिसरीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर पडले की वह्यांमध्ये २५ च्या जोडीला एक उत्तर हमखास सापडते, ३५. बाई त्यावर लाल फुली मारतात, शेजारी खरे उत्तर लिहितात, फार तर ‘काळजीपूर्वक सोडव’ असा शेरा देतात आणि पुढची वही ओढतात. चाळीस वह्या संपतात, सह्या होतात, तपासणी पुरी. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला ६३ मधून ४८ वजा करायला सांगा; तो १५ ऐवजी २५ लिहील. फुली मिळाली, पण चूक होती तिथेच राहिली.

या ३५ कडे जरा निरखून पाहू. ते दोन वाटांनी येऊ शकते. एका मुलाला दोनातून सात जात नाहीत हे दिसते, म्हणून तो सरळ मोठ्यातून लहान वजा करतो. सातातून दोन गेले, उरले पाच. पाचातून दोन गेले, उरले तीन. दुसऱ्या मुलाला दशक सुटा करायचा हे माहीत असते. तो दोनाचे बारा करतो, बारातून सात काढून पाच लिहितो, पण दशकाच्या घरातल्या पाचाचे चार करायला विसरतो. पाचातून दोन गेले, तीन. उत्तर दोघांचेही ३५. पहिल्याला स्थानिक किंमतच उमगलेली नाही. दुसऱ्याला ती उमगली आहे, फक्त एक पायरी निसटते. पहिल्याच्या हातात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्यायला हवेत. दुसऱ्याला एवढेच सांगायचे की दशक मोडलास की लगेच वर नोंद कर. फुली मात्र दोघांना सारखीच मिळते.

आता उदाहरणातला एकच आकडा बदला. ५२ वजा २८. बरोबर उत्तर २४. उलटी वजाबाकी करणारा ३६ लिहील, दशकाची नोंद विसरणारा ३४, आणि ‘दोनातून आठ जात नाहीत, मग शून्य’ असे ठरवून टाकणारा ३०. कच्चे काम न पाहता, नुसत्या उत्तरावरून कोण कुठे अडले ते कळते. एककाच्या घरातल्या दोन अंकांत पाचाचा फरक असला की दोन निराळ्या चुका एकाच उत्तरामागे लपतात. फरक पाचाचा नसला की लपत नाहीत. हातातले पाठ्यपुस्तक आणि गाईड एकदा या नजरेने चाळून पाहावे.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी वजाबाकीतल्या अशा चुकांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की पुष्कळ मुले कशीही, वाटेल तशी चुकत नाहीत. ती एखादा चुकीचा नियम अगदी इमानेइतबारे पाळत असतात. संगणकाच्या प्रोग्राममधल्या दोषाला ‘बग’ म्हणतात, तोच शब्द त्यांनी या नियमांसाठी वापरला. ज्याला आपण सर्रास निष्काळजीपणा म्हणून मोकळे होतो, त्यात बऱ्याचदा मुलाची शिस्तच असते.

कारखानदारीतून आलेले गुणवत्ता व्यवस्थापन वर्गाच्या कामाला येते ते नेमके या जागी. एरवी शाळेच्या संदर्भात हे शब्द ऐकले की शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या रास्त आहेत; मूल म्हणजे काही यंत्रातून निघणारा सुटा भाग नव्हे. पण त्या शास्त्राने सुरुवातीलाच विचारलेला प्रश्न शाळेलाही तंतोतंत लागू पडतो. माल तयार झाल्यावर त्यातला वाईट वेचून बाजूला काढायचा, की तो वाईट होतोच कसा हे शोधून कामाची रीत बदलायची?

वॉल्टर शूहार्ट हे अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत काम करत होते. १९२४ च्या मे महिन्यात त्यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले आणि त्यात नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. कोणत्याही कामात रोज थोडा चढउतार होतच असतो. त्यातला काही त्या कामाच्या घडणीतच असतो, तर काही एखाद्या खास कारणाने घडतो, जसे की यंत्र बिघडले किंवा कच्चा माल बदलला. या दोहोंत गल्लत केली की माणूस नको तिथे ढवळाढवळ करतो आणि हवी तिथे करत नाही. शूहार्ट यांचा हा विचार पुढे नेला एडवर्ड्स डेमिंग यांनी. जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेच्या निमंत्रणावरून ते १९५० मध्ये जपानला गेले आणि तिथल्या अभियंत्यांना, कारखान्यांच्या प्रमुखांना त्यांनी हेच शिकवले. दुसऱ्याच वर्षी, १९५१ मध्ये, जपानने त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केले. अखेरच्या तपासणीवर विसंबू नका, गुणवत्ता कामाच्या ओघात घडवा, हे त्यांच्या प्रसिद्ध चौदा मुद्द्यांपैकी तिसऱ्या मुद्द्याचे सार आहे.

डेमिंग स्वतः शिक्षकही होते. न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी १९४६ पासून अनेक वर्षे शिकवले. विद्यार्थ्यांना गुण देऊन क्रमवारीत बसवणे त्यांना पसंत नव्हते. विद्यार्थ्यांनी लिहून दिलेले कागद आपण वाचतो ते आपले शिकवणे कसे चालले आहे आणि कोणाला मदत हवी आहे हे कळावे म्हणून, असे त्यांनी आपल्या शेवटच्या पुस्तकात म्हटले आहे. आपल्याकडच्या वह्यांच्या गठ्ठ्याला हे लावून पाहिले तर कामाचा अर्थच पालटतो. चाळीस वह्यांत आधी मुलांची नव्हे, पाठाची परीक्षा होते.

चर्चासत्रांत डेमिंग मण्यांचा एक प्रयोग करून दाखवत, तो प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने एकदा तरी करून पाहावा असा आहे. एका पेटीत ४००० मणी. ३२०० पांढरे, ८०० लाल. श्रोत्यांतून सहा ‘कामगार’ निवडायचे. पन्नास खळग्यांचे एक फावडे पेटीत बुडवायचे आणि बाहेर काढायचे. पांढरे मणी म्हणजे चांगला माल, लाल मणी म्हणजे दोष. डेमिंग स्वतः साहेबाची भूमिका करत. एकाला सहा लाल मणी आले की त्याची पाठ थोपटायची, दुसऱ्याला पंधरा आले की सर्वांदेखत झापायचे, भिंतीवर घोषणा लावायच्या, बक्षिसे जाहीर करायची. एवढे करून लाल मणी काही कमी होत नसत, कारण पेटीतच दर पाच मण्यांमागे एक मणी लाल होता. प्रत्येकाला सरासरी दहा लाल मणी येणार आणि साधारण दोनपासून अठरापर्यंतचा चढउतार नुसत्या योगायोगाने होणार, हे गणिताने आधीच सांगता येते. काल ज्याला शाबासकी मिळाली त्याचीच आज हजेरी घेतली जाते, आणि कामगार मात्र दोन्ही दिवशी तितक्याच मन लावून फावडे बुडवत असतो.

समजा एका शाळेत पाचवीच्या ‘अ’ तुकडीची सरासरी ७१ आली आणि ‘ब’ तुकडीची ६७. स्टाफरूममध्ये लगेच ‘अ’च्या वर्गशिक्षकांचे कौतुक सुरू होते. चाळीस मुलांच्या तुकडीत एवढा फरक नुसत्या चढउतारानेही पडू शकतो. तो तसाच, त्याच दिशेने, आठ-दहा चाचण्यांत दिसत राहिला तर त्यात काही अर्थ आहे. तेव्हा ‘अ’च्या शिक्षकांना हार घालण्यापेक्षा त्यांचा वर्ग पाहायला जाऊन बसावे.

वर्ग पाहायला बसणे ही गोष्ट जपानने फार गंभीरपणे घेतली आहे. तिथे ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणजे पाठाचा अभ्यास अशी एक प्रथा आहे. डेमिंग तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासूनची ती प्रथा आहे. तिची मुळे मेइजी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडतात. बाहेरच्या जगाला तिची ओळख झाली ती १९९९ मध्ये, जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हीबर्ट यांच्या पुस्तकामुळे. जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतले आठवीच्या गणिताचे २३१ तास चित्रित करून त्यांचा अभ्यास झाला होता, त्यातून ते पुस्तक निघाले.

प्रथा अशी. शाळेतले चार-सहा शिक्षक मिळून एकच पाठ निवडतात आणि अनेक बैठकांत तो तयार करतात. मुले इथे काय म्हणतील, कोणती चूक करतील, त्यावर काय विचारायचे, हे सगळे आधी लिहून काढतात. मग त्यांच्यातला एक जण तो पाठ घेतो आणि बाकीचे वर्गात कडेने उभे राहतात. त्यांची नजर शिक्षकावर नसते, मुलांच्या वह्यांवर असते. पाठ संपला की बैठक. पाठात दुरुस्ती होते आणि पुष्कळदा दुसरा शिक्षक दुसऱ्या वर्गावर तो पुन्हा घेतो. पाठ सर्वांनी मिळून बांधलेला असल्याने टीका होते ती पाठावर. कोणा एकाचा पाणउतारा होत नाही.

या बैठकांत बारकावा किती असतो हे पाहायचे तर पहिलीची वजाबाकीच घ्यावी. दशक मोडावा लागेल असे पहिले उदाहरण मुलांपुढे कोणत्या आकड्यांचे ठेवायचे, यावर तिथले शिक्षक मनापासून वाद घालतात. १३ वजा ९ दिले तर मूल तेराचे दहा आणि तीन करते, दहातून नऊ काढते, उरलेला एक त्या तीनात मिळवते. चार. नऊ दहाच्या इतका जवळ आहे की ही वाट आपोआप सुचते, आणि हीच वाट पुढे दोन अंकी वजाबाकीत लागते. तेच १२ वजा ३ दिले, तर मूल आधी दोन काढून दहावर येते आणि मग आणखी एक काढते. हीदेखील चांगली रीत आहे, पण तिच्यात दशक मोडून त्यातून वजा करायची गरज तितकीशी भासत नाही. या दोन रीतींना जपानी शिक्षकांच्या बोलीत वेगवेगळी नावे आहेत. जिथे रीतीला नाव असते तिथे तिच्याविषयी बोलणे सोपे जाते. आपल्या वर्गात पहिले उदाहरण बहुधा तोंडाला येईल ते असते.

आणखी दोन साध्या गोष्टी. जपानी शिक्षक मुले उदाहरण सोडवत असताना बाकांमधून फिरतो आणि कोण कोणत्या रीतीने जात आहे हे हातातल्या कागदावर टिपत जातो. चर्चेत आधी कोणाला बोलवायचे, नंतर कोणाला, हे त्यावरून ठरते. आणि फळा तो तासभर शक्यतो पुसत नाही. डावीकडे प्रश्न, मधे मुलांच्या निरनिराळ्या रीती, उजवीकडे वर्गाने काढलेला निष्कर्ष. मागच्या बाकावरचे, पाच मिनिटे हरवलेले मूल फळ्याकडे पाहून पुन्हा पाठात येऊ शकते. पहिली गोष्ट म्हणजे काम चालू असतानाची तपासणी, दुसरी म्हणजे कामाची स्थिती सर्वांना दिसेल अशी ठेवणे. दोन्ही जपानी कारखान्यांतही रुळलेल्या सवयी.

आपल्याकडे यातले काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रातल्या शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र जमतात, तिथे पाठही होतात. पण तो ‘आदर्श पाठ’ असतो. आदर्श म्हटला की त्यात दुरुस्ती सुचवायची कोणी? टाळ्या होतात, चहा होतो, परिपत्रके वाचली जातात. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांचे रचनावादी काम पाहायला २०१५ च्या आसपास राज्यभरातून शिक्षक जात होते. फरशीवर आखलेले तक्ते फोटो काढून आपल्या शाळेत नेता येतात. ते तक्ते कसे, किती वेळा बदलत तिथवर आले, हे फोटोत येत नाही.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीही हीच गत झाली. राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ते आले. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाचा हेतू अगदी डेमिंगच्या मनातला होता. शिकणे चालू असतानाच अडचण ओळखा, त्याप्रमाणे शिकवणे बदला. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तके बाजारात आली आणि ‘स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो’ ही ओळ कितीतरी मुलांच्या नावापुढे उतरवली गेली. नोंद कोणासाठी ठेवायची याचे उत्तर ‘वरून साहेब आले तर दाखवायला’ असे ठरले की नोंदीतले सत्त्व निघून जाते.

मोजमाप शिकवण्यासाठी वापरले की काय होते, याचा चांगला नमुना मुंबईतच उभा राहिला. ‘प्रथम’ या संस्थेची वाचनाची कसोटी एका कागदाची आहे. अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल समोर बसवून काही मिनिटांत ते कुठवर पोचले आहे हे कळते. याच कसोटीवर घेतल्या जाणाऱ्या ‘असर’ या पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भागात देशातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्केच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ५०.५ टक्के होते. असा आकडा आला की वर्तमानपत्रांत हळहळ व्यक्त होते. ‘प्रथम’ने मात्र ती कसोटी वर्गात आणून मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता पातळीप्रमाणे केले आणि ज्याला अक्षरे येतात त्याला शब्दांपासून शिकवायला घेतले. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या त्यांच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासह मिळाले. पाचवीतल्या मुलाला पाचवीचेच पुस्तक, ही घडी त्या कामाने मोडली. पेटीतले मणीच बदलायला घेतले म्हणायचे.

आणि मोजमापाला धाक चिकटवला तर? अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या शाळांनी ते दाखवून दिले. तिथे चाचणीच्या गुणांवर बक्षिसे मिळत आणि शिक्षा होत. २०११ मध्ये राज्याच्या चौकशी अहवालातून बाहेर आले की ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा उत्तरपत्रिकांतल्या लबाडीत हात होता. कुठे मुलांची चुकीची उत्तरे खोडून बरोबर केलेली, कुठे परीक्षेतच उत्तर सुचवलेले. संशय आला तोही संख्याशास्त्रामुळे. चुकीचे खोडून बरोबर केलेल्या उत्तरांचे प्रमाण काही वर्गांत योगायोगाला मान्य होणार नाही इतके जास्त होते. धाक घालवा, हा डेमिंगचा आठवा मुद्दा. ‘शंभर टक्के प्रगत’सारख्या उद्दिष्टांच्या पाट्या भिंतीवर लावू नका, हा दहावा. आपल्या कितीतरी शाळांच्या प्रवेशद्वारावर नेमकी ती पाटी आहे.

त्याच पाटीच्या शेजारी बऱ्याचदा दुसरी असते, ‘आयएसओ मानांकित शाळा’. दहा-एक वर्षांपूर्वी जिल्हा परिषद शाळांत या मानांकनाची लाटच आली होती. गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढली, भिंती रंगल्या, स्वच्छतागृहे दुरुस्त झाली, दप्तर लागले. हे सगळे चांगलेच झाले. मात्र आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते बाहेरच्या प्रमाणन संस्था देतात. आणि ९००१ हे मानक कामाच्या पद्धतीविषयी आहे. ठरवलेली पद्धत पाळली जाते का, तिची नोंद राहते का, तक्रार आली तर सुधारणा होते का, हे ते पाहते. तिसरीतल्या मुलाला ५२ मधून २८ वजा करता येतात का, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. शैक्षणिक संस्थांसाठी २०१८ मध्ये २१००१ हे वेगळे मानक आले. तेही व्यवस्थापनाचेच आहे.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांतला ‘ग्राहक’ हा शब्द मात्र शाळेत आणू नये. ग्राहकाला काय हवे ते त्याला ठाऊक असते असे बाजार धरून चालतो. शिकणाऱ्याला आपल्याला काय हवे आहे हे शिकल्यावरच कळते. पालकाला ग्राहक मानले तर तो ९५ टक्के मागेल, आणि ते द्यायचे सोपे मार्ग सगळ्यांना माहीत आहेत.

मग एकट्या शिक्षकाने काय करावे? वह्या तपासताना शेजारी एक कोरा कागद ठेवावा. ५२ वजा २८ च्या उत्तरांचे रकाने पाडावेत : २४, ३६, ३४, ३०, इतर. वही हातात आली की त्या रकान्यात मुलाचे नाव लिहायचे. गुण नाहीत, फुली नाही. बहुतेक वेळा एक-दोन रकानेच भरलेले दिसतात. जपानी कारखान्यांतले लोक दोषांची मोजणी करतात तेव्हाही बहुतेक दोष एक-दोन कारणांचेच निघतात. ३६ च्या रकान्यात बारा नावे आली, तर बारा मुलांना बारा वेळा समजावण्याऐवजी उद्याचा पाठ काड्यांच्या गठ्ठ्यांनी सुरू करायचा, आणि ३४ वाल्यांना पाच मिनिटे वेगळे बसवायचे. चार दिवसांनी त्याच जातीचे नवे उदाहरण, ७१ वजा ४५. यात उलटी वजाबाकी करणारा ३४ लिहील, दशक विसरणारा ३६ आणि शून्य मांडणारा ३०. पुन्हा तिन्ही वेगळी. रकान्यातली नावे कमी झाली का ते पाहायचे. झाली नसतील तर काड्यांचा उपाय फसला, दुसरा शोधायचा. ठरवा, करा, अभ्यासा, बदला या चक्राचा मोठा गवगवा होतो, तो एवढ्याच कामाचा. त्यातल्या तिसऱ्या पायरीला ‘तपासा’ म्हणण्यापेक्षा ‘अभ्यासा’ म्हणावे असा डेमिंगचा आग्रह होता. तपासले की माणूस बरोबर-चूक एवढेच पाहतो.

मुलांनाही हा कागद दाखवता येतो, नावे झाकून. ‘३६ कसे आले असेल?’ हा प्रश्न वर्गाला टाकला की चूक करणारी मुलेच पुष्कळदा हिरिरीने उत्तर शोधतात. तिसरीचे मूल दुसऱ्याच्या चुकीचा माग फार चांगला काढते.

यापुढचे शिक्षकाच्या हातात नाही. कामातल्या अडचणींपैकी सुमारे ९४ टक्के व्यवस्थेच्या असतात आणि त्या दूर करणे व्यवस्थापनाचे काम आहे, असा डेमिंगचा अनुभवावरून केलेला अंदाज होता. आकडा थोडा मागेपुढे करा, पण दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या आणि त्यातच मतदार यादीचे (बीएलओचे) काम, निरनिराळी सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेल्या शिक्षकाला तो पटवून द्यावा लागणार नाही. चार शिक्षकांनी एक पाठ मिळून बांधायचा तर त्यांना एकाच वेळी मोकळा तास हवा, आणि तो वेळापत्रकात मुख्याध्यापकांनीच बसवायचा असतो. शिक्षण परिषदेच्या दिवशी आदर्श पाठाऐवजी एक अर्धाकच्चा पाठ घ्यायचा, तो सर्वांनी मिळून दुरुस्त करायचा आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेत पुन्हा घ्यायचा, एवढे केंद्रप्रमुखांना कोणत्याही निधीशिवाय आणि नव्या परिपत्रकाशिवाय करता येईल. शेरेपुस्तकात त्या दिवशी गुणवत्तेचा शेरा लिहायची गरज नाही. पाठात काय बदलले एवढे लिहिले तरी चालेल.